चौथं बोट

"पुटपुटू नकोस," आई म्हणाली.

म्हणाली म्हणजे हातांनी म्हणाली. आई जन्मापासून बहिरी, बाबाही बहिरे होते, त्यामुळे आमच्या घरात बोलणं म्हणजे हातांनीच. या भाषेत पुटपुटताही येतं हे बाहेरच्यांना सांगून पटत नाही. बोटं नीट उघडली नाहीत, शब्द छातीपाशीच विरले, की ते पुटपुटणं. लहानपणी खोटं बोलताना मी पुटपुटायचे, आणि आई माझी दोन्ही मनगटं धरून हात वर आणायची. नीट बोल. आता मी एक्कावन्न वर्षांची, आई एकोणऐंशीची. सकाळचे साडेसात वाजले होते, चहा निवत चालला होता, आणि मी तिला एवढंच सांगत होते की आज मला यायला उशीर होईल, दुपारची गोळी तुझी तू घे. त्यात पुटपुटण्यासारखं काय होतं? मी पुन्हा सांगितलं. आईने मान कलती करून माझ्या डाव्या हाताकडे पाहिलं, कपाला गेलेला तडा बघावा तसं. "हाताला काय झालंय?" "काही नाही. झोपेत अवघडला असेल." हे वाक्यही अर्धवट मिटलेल्या बोटांनीच बाहेर आलं.

झोपेत अवघडलेला हात दहा मिनिटांत सुटतो. माझा महिनाभर सुटत नव्हता. सकाळी उठले की डाव्या हाताची शेवटची तीन बोटं सुजून ताठ झालेली असायची. त्यातली करंगळी तर तळव्याकडे वळून बसायची, रुसलेल्या पोरासारखी. मोरीत गरम पाण्याचा मग भरून त्यात हात बुडवायचा आणि मग उजव्या हाताने करंगळी हळूहळू सरळ करायची. एका ठिकाणी ती अडायची, मग आत कुठेतरी ‘टक्’ व्हायचं आणि कळ कोपरापर्यंत जायची. त्यानंतर ती उघडायची, पण पूर्ण नाही. ब्लाउजचे हुक, बाटलीचं झाकण, कुलूप, सगळं उजव्या हाताने. मी डावखुरी. लिहिते डाव्या हाताने आणि बोलतेही डाव्या हाताने. आणि बोलणं हाच माझा धंदा. बहिरी माणसं दवाखान्यात, कचेरीत, कोर्टात जातात तेव्हा त्यांच्या आणि समोरच्यांच्या मधे बसणारी मी दुभाषी.

हे दुखणं मी स्वतःच ओढवून घेतलं होतं, म्हणून कुणाला सांगायची लाज. या वयात मी पुन्हा गोल्फ खेळायला लागले होते. गोल्फ म्हटलं की लोकांच्या भुवया वर जातात, पण आमचा गोल्फ वेगळा. बाबा नगरपालिकेच्या नऊ खड्ड्यांच्या मैदानावर गवत कापायचे. एकतीस वर्षं. त्या यंत्राचा कडकडाट कुणाला सोसायचा नाही, बाबांना त्याचं सोयरसुतक नव्हतं. खेळणारे लांबून ओरडायचे, बाजूला व्हा, आणि बाबा आपले गवताच्या रेघा बघत सरळ चाललेले. दोनदा पाठीत चेंडू बसला. कुणीतरी टाकून दिलेल्या सात काठ्या त्यांनी घरी आणल्या, मुठींना नवी पट्टी गुंडाळली, आणि संध्याकाळी सगळे गेले की मला घेऊन जायचे. काठ्या उजव्या माणसाच्या होत्या, म्हणून मी डावखुरी असून उजव्यांसारखं खेळायला शिकले. त्या खेळात डावा हात वर असतो, आणि सगळी पकड त्याच्या शेवटच्या तीन बोटांत. काठी हातात आली की दोन्ही हात गुंतले, आणि हात गुंतले की आमच्या घराण्यात सगळे गप्प. ते गप्प असणं मला केवढं आवडायचं. पाचव्या वर्षापासून मी घराचं तोंड होते. घरमालक, शाळा, बँक, वाणी, सगळ्यांशी मी. आईच्या पोटातलं मूल गेलं तेव्हा डॉक्टरीणबाईंनी ते मला सांगितलं आणि मी आईला सांगितलं. मी सात वर्षांची होते. मैदानावर मात्र कुणी कुणाचं काही माझ्याकडे द्यायचं नाही. बाबा मारायचे, मी मारायचे, आणि चेंडू कुठे पडला ते बघत आम्ही चालायचो.

बाबा गेल्या वर्षी गेले. दोन महिन्यांपूर्वी आई म्हणाली, बोळातली ती अडगळ काढ. अडगळ म्हणजे काठ्या. कुणाला तरी देऊन टाकाव्यात म्हणून मैदानावर घेऊन गेले, आणि एक चेंडू मारला. सव्वीस वर्षांनी. खांद्यांना सगळं आठवत होतं, कमरेलाही बरंचसं. बोटांना काहीच आठवत नव्हतं, ती भेदरल्यासारखी काठी आवळत होती. तरी चेंडू उडाला. मग आठवड्यातून तीन संध्याकाळी जायला लागले. दिवसभर दुसऱ्यांची वाक्यं वाहून आलेल्या माणसाला हातात काहीतरी मुकं हवं असतं. आधी तळवा दुखला, मग बोटं, मग करंगळी अडकायला लागली. मी म्हटलं, सवय नाही, होईल.

त्या दिवशी हाडांच्या डॉक्टरांकडे अकराची वेळ होती. माणूस ओळखीचा, एक बहिरा सुतार, माझ्याच वयाचा, एकटा राहणारा. नडगीचं हाड मोडलं म्हणून ऑपरेशन करून आत धातूची पट्टी बसवली होती. महिनाभरापूर्वी टाके काढले तेव्हाही मीच मधे होते. आज तो कुबडी घेऊन आत आला आणि पाय टेकवताना त्याचं तोंड वाकडं झालं. डॉक्टर उजेडात एक्स-रेचा फोटो धरून बघत होते. बघता बघता त्यांचा आवाज चढला. "हे स्क्रू सरकलेत. पाय टेकवलाय यांनी. विचारा, कधीपासून टेकवताहेत." मी विचारलं. सुतार म्हणाला, "सांगितलं तेव्हापासून. शाळेचे बाक खोळंबले होते. तीन आठवडे झाल्यावर उभा राहिलो." आमच्या धंद्याचा नियम असा की समोरच्याचं वाक्य ‘मी’ धरूनच बोलायचं, ‘तो म्हणतो’ लावायचं नाही. म्हणून मी मोठ्याने म्हटलं, "सांगितलं तेव्हापासून. शाळेचे बाक खोळंबले होते. तीन आठवडे झाल्यावर उभा राहिलो." पुरुषांची वाक्यं बोलताना मी पुरुष होते, वर्षानुवर्षांची सवय. डॉक्टरांनी फोटो टेबलावर आपटला. "तीन? मी चार म्हटलं होतं! चार आठवडे पाऊल जमिनीला लावायचं नाही म्हटलं होतं. आता पुन्हा उघडावं लागणार, आणि एवढं करून पाय थोडा आखूड राहिला तर मी काय करू?"

मी ते सगळं सांगितलं. आखूडसुद्धा. ‘चार’ सांगताना हात वर केला. अंगठा आत, चार बोटं उभी. तीन उभी राहिली. करंगळी तळव्याजवळ वाकलेलीच. मी उजव्या हाताने ती सरळ केली आणि त्या क्षणी सुताराचे डोळे माझ्या हातावर खिळले. मग त्याने सावकाश, अगदी स्वच्छ बोटांनी सांगितलं, "तू तीन सांगितलेस." महिन्यापूर्वीची सकाळ मला दिसली. नऊची वेळ, बोटं अजून सुटलेली नव्हती, बाहेर अजून दोघं थांबलेले. आकडा सांगितला की समोरच्याकडून तो परत वदवून घ्यायचा, हा आमचा पहिला धडा, शिकाऊ पोरीसुद्धा चुकत नाहीत. त्या दिवशी त्याने मान हलवली आणि मी पुढे गेले. डॉक्टरांच्या कागदावर चार लिहिलं होतं म्हणे, पण ते अक्षर वाचायला दुसरा डॉक्टर लागतो, आणि सुताराला लिहिलेली भाषा तशीही परकी.

"काय म्हणतात?" डॉक्टरांनी विचारलं.

"माझी चूक झाली," मी म्हटलं. "मोजण्यात."

इतकं गुळगुळीत आलं ते वाक्य. कुणी विचार करून रचलेलं नव्हतं, जिभेवर ठेवलेलंच होतं. आणि वाक्य खोटंही नव्हतं. माझीच चूक होती, मोजण्यातलीच होती. पण त्या खोलीत ‘माझी’ म्हणजे सुताराची. डॉक्टर निवले. उठून त्यांनी त्याच्या खांद्यावर थोपटलं. "जाऊ द्या. होतं असं. करू आपण ठीक." सुतार डॉक्टरांच्या तोंडाकडे बघत होता. त्याने मला एवढं जड वाक्य दिलं होतं, त्यानंतर तिथे काय उमटायला हवं होतं ते त्याला माहीत होतं. डॉक्टर माझ्याकडे वळायला हवे होते, भुवया चढायला हव्या होत्या. उलट त्याच्याच खांद्यावर थोपटलं गेलं. त्याने माझ्याकडे पाहिलं. कुबडी उचलली, आणि दार मी धरलेलं असताना स्वतःच्या कोपराने ढकलून बाहेर गेला.

संध्याकाळी मी मैदानावर गेले. का गेले ते सांगता येणार नाही. दमल्यावर पाय जिकडे जायचे तिकडे गेले. काठी बाहेर काढली, मूठ धरली, आणि तीन बोटांनी नकार दिला. बाकावर बसले. तिसऱ्या खड्ड्याजवळची हिरवळ नीट कापलेली नव्हती, हे बाबांच्या डोळ्यांनी बघितलं. इथेच, मी नऊ वर्षांची असताना, मैदानाचे साहेब बाबांवर तणतणले होते. "या बहिऱ्या बैलाला सांग, डोळे तरी आहेत ना, की तेही गेले? मी काय इथे गुरं चारायला बसलोय?" असं बरंच काही. मी बाबांना सांगितलं, साहेब म्हणतात, इथलं गवत जरा अजून बारीक करा. बाबा हसले. "एवढंसं वाक्य, आणि साहेबांचं तोंड एवढा वेळ हलत होतं?" मग त्यांनी माझ्याकडून सगळं काढून घेतलं, बैलासकट. ऐकलं, मान हलवली, यंत्र सुरू केलं. घरी जाताना मी विचारलं, राग नाही आला? "आला की. पण तो माझा आहे. तू कशाला ठेवून घेतेस?" तेव्हा मला वाटलं होतं, यांच्यासाठी एवढं केलं आणि हे उलट मलाच बोलतात. बाकावर बसून मी हिशोब लावत होते, की मी सुताराचं वाक्य कशासाठी ठेवून घेतलं. भीतीने? असेल. दवाखान्याच्या दुभाषांच्या यादीतून नाव गेलं तर आईचं काय, असं मनात आलं होतं का? नव्हतं आलं, हे नंतर सुचलेलं कारण. खरं म्हणजे मी दमले होते. बाकी काही नाही. चाळीस-पंचेचाळीस वर्षं इकडची वाक्यं तिकडे नेऊन मी इतकी दमले होते, की एक वाक्य वाटेत खाली ठेवून दिलं. आणि ते नेमकं माझ्याबद्दलचं होतं.

पुढचे दोन दिवस कामावर गेले नाही. ताप आहे असं कळवलं. दुसऱ्या दिवशी दुपारी आई गरम पाण्याचा मग घेऊन आली, न विचारता माझा हात त्यात घातला आणि करंगळीच्या बुडाशी अंगठ्याने चोळत राहिली. तिथे एक दाणा लागत होता, ज्वारीएवढा. हात पाण्यात, त्यामुळे मी गप्प. आईने आपला एक हात सोडवला. "त्याचीही बोटं शेवटी अशीच झाली होती. यंत्राच्या हादऱ्यांनी. तुला माहीत नाही." मला खरंच माहीत नव्हतं. शेवटच्या दोन-तीन वर्षांत बाबा बोलेनासे झाले होते. मी घाईत येऊन घाईत जायचे, मला वाटायचं, म्हातारपणचा तिरसटपणा, नाहीतर माझ्यावर रुसलेत. "बोटं वळायची नाहीत. काहीतरी भलतंच बोललं जाईल म्हणून बोलायचाच नाही. मी डोकं फोडून घ्यायची. म्हणायची, अरे चुकीचं बोल, पण बोल. मी घेईन समजून." आई हे सांगताना रडत वगैरे नव्हती. तिने माझा हात पाण्यातून काढला, टॉवेलात गुंडाळला आणि म्हणाली, "आता सांग, काय करून आली आहेस." मी सांगितलं. उजव्या हाताने, लहान मुलासारखं बोबडं. तिने पूर्ण ऐकलं आणि एकच विचारलं, "त्याचं ऑपरेशन कधी आहे?"

परवा होतं. दुसऱ्या दिवशी चारला, भेटीच्या वेळेत, मी वॉर्डात गेले. सुतार खिडकीजवळच्या खाटेवर होता. मला पाहिलं आणि त्याने डोळे मिटले. ऐकू येणाऱ्या माणसाने पाठ फिरवली तरी त्याच्या कानात काहीतरी घालता येतं. बहिऱ्या माणसाने डोळे मिटले की दार बंद, कडी आतून. खाटेला हात लावून हलवता आलं असतं, पण तो अधिकार माझा नव्हता. मी स्टूल ओढून बसले. शेजारच्या खाटेवरच्या आजोबांनी विचारलं, "कोण तुम्ही? बहीण का?" मी नाही म्हटलं. "मग बायको असणार," ते म्हणाले, "असं तोंड करून बायकोच बसते." मला हसू आलं आणि ते आलं याचा राग आला. पंधरा मिनिटं गेली, वीस गेली. बोट ठणकत होतं. शेवटी सुताराने एक डोळा उघडून बघितलं, गेली का. नव्हते गेले. त्याने दुसराही उघडला.

"मी तीन दाखवले," मी म्हटलं. "बोट उघडत नव्हतं. परत विचारून घ्यायला हवं होतं, नाही घेतलं. आणि तू सांगितलेलं डॉक्टरांना सांगितलं नाही. चूक तुझी आहे असं सांगितलं."

"माहीत आहे." त्याचे हात लाकूडकाम करणाऱ्याचे, जाड, पण भाषा कातीव. "डॉक्टरच्या तोंडावरून कळलं. पायाचं राहू दे. बोट अडकतं, माझाही अंगठा गेला होता एकदा करवतीत. पण मी बोललो ते तू खाल्लंस. माझी आई खायची, मास्तर खायचे, सगळे खातात. तू बहिऱ्यांची मुलगी ना?"

मी म्हटलं, "डॉक्टर आत्ता फेरीला येतील. त्यांच्यासमोर सांगते. तुला दिसेल असं." तो म्हणाला, "बघू."

डॉक्टर आले. मी उभी राहिले आणि एकाच वेळी तोंडाने आणि उजव्या हाताने सांगायला लागले. हे फार वाईट जमतं, दोन्ही भाषा लंगड्या होतात, पण मला एकही शब्द एका बाजूला जास्त जायला नको होता. सगळं सांगितलं. वॉर्डातल्या दोन परिचारिका थांबल्या. डॉक्टरांचं तोंड तसंच झालं, जसं त्या दिवशी व्हायला हवं होतं. भुवया, नाकपुड्या, सगळं. सुतार ते बघत होता, घशाला कोरड पडलेला माणूस पाणी पितो तसा. "हे लेखी द्याल?" डॉक्टरांनी विचारलं. "देते." मग ते सुताराच्या खाटेजवळ गेले, आणि काय करावं ते न कळून त्यांनी दोन्ही हात जोडले. सुताराने मान हलवली. निघताना डॉक्टर माझ्यापाशी थांबले. "बघू बोट." करंगळीच्या बुडाशी त्यांनी दाबलं, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. "किती दिवस?" "महिना-दीड महिना." "कशाने?" "गोल्फ." त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. चपला, पिशवी, पांढरे केस. "काठी एवढी आवळायची नसते हो. इंजेक्शन देऊ, सहा आठवडे पट्टी. आणि खेळ बंद." थोडं थांबून म्हणाले, "सांगायला हवं होतंत." कशाबद्दल म्हणाले ते मी विचारलं नाही. दोन्हीबद्दलच असणार.

पत्र मी त्याच संध्याकाळी लिहिलं, डाव्याला पट्टी म्हणून उजव्या हाताने, वेडंवाकडं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्याच्या कचेरीत दिलं. तिथल्या बाईंनी वाचलं, चष्मा काढला, पुन्हा लावला आणि म्हणाल्या, चौकशी होईपर्यंत तुम्हाला इथे काम करता येणार नाही. तीन महिने तरी. मी बरं म्हटलं. मला वाटलं होतं, हे ऐकून काहीतरी कोसळेल. काही कोसळलं नाही. नुसता थकवा होता, जुनाच, पण त्याच्या तळाशी काही लपवलेलं नव्हतं एवढंच. घरी जायचं सोडून मी वरच्या मजल्यावर गेले. सुताराच्या संमतीच्या कागदांवर नवी दुभाषी बसली होती, माझ्याहून वीस वर्षांनी लहान, बोटं अशी लख्ख की बघत राहावं. आता सहा आठवडे पाय टेकवायचा नाही, हे सांगितल्यावर तिने ते त्याच्याकडून परत वदवून घेतलं. दोनदा. मग ती खाली कचेरीत गेली आणि मी लिफ्टजवळ भिंतीला टेकून उभी राहिले.

थोड्या वेळाने त्याला ढकलगाडीवरून आणलं. गाडी ढकलणारा दांडगा माणूस लिफ्टच्या आकड्यांकडे बघत होता. सुताराला मी दिसले. मला वाटलं, आता डोळे मिटेल. त्याने चादरीखालून हात काढला. "पाय गार पडलेत. याला सांग, पांघरूण खाली ओढ."

नियमाने मी आता तिथे कुणीच नव्हते. डावा हात पट्टीत, नाव यादीबाहेर.

"माझे पाय गार पडलेत," मी मोठ्याने म्हटलं. "पांघरूण खाली ओढ."

त्या माणसाने वळून आधी माझ्या पायांकडे पाहिलं. "तुमचे?"

सुताराने वैतागून हात हवेत झटकला आणि पुन्हा म्हणाला.

"ओढ म्हणतो ना मी," मी म्हणाले.

त्या माणसाने पांघरूण ओढलं, टाचांखाली नीट खोचलं, आणि लिफ्ट आली.